पपायरसवरची माशी

उंची जेमतेम चार सेंटिमीटर, रुंदी आठ. एटीएम कार्डापेक्षाही लहान असलेल्या पपायरसच्या या तुकड्यावर कॉप्टिक या इजिप्तमधल्या जुन्या भाषेतल्या आठ ओळी आहेत, आणि त्यातली एकही पूर्ण नाही. चौथी ओळ सांगते, ‘येशू त्यांना म्हणाला, माझी पत्नी…’ आणि पुढचं तुटलेलं आहे. त्याखालच्या ओळीत ‘ती माझी शिष्या होऊ शकेल’ एवढं लागतं. १८ सप्टेंबर २०१२ रोजी हार्वर्डच्या प्राध्यापक कॅरन किंग यांनी रोममधल्या कॉप्टिक अभ्यासकांच्या परिषदेत हा तुकडा मांडला आणि बातमी जगभर गेली.

किंग यांचा दावा तसा मर्यादित होता. येशूचं लग्न झालं होतं हे यावरून सिद्ध होत नाही, दुसऱ्या शतकातले काही ख्रिस्ती लोक तसं मानत असावेत, एवढंच त्या म्हणत होत्या. पण तुकड्याला त्यांनी नाव दिलं ‘येशूच्या पत्नीचे शुभवर्तमान’. शुभवर्तमान म्हणजे येशूचं जीवन किंवा शिकवण सांगणारा ग्रंथ. लोकांच्या लक्षात नाव राहिलं, मर्यादा राहिली नाही.

मग तुकडा प्रयोगशाळेत गेला. पपायरस ही आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातली वनस्पती. ती कापली की हवेतून कार्बन-१४ घेणं थांबतं आणि आत असलेला दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. उरलेला किती ते मोजलं की कापणीचा काळ कळतो. एका तपासणीत हा काळ इसवीसनपूर्व ४०४ ते २०९ असा आला, म्हणजे येशूच्या जन्माच्याही आधीचा. दुसऱ्या तपासणीत इ. स. ६५९ ते ८५९ आला आणि तो जास्त विश्वासार्ह मानला गेला. शाई काजळीची निघाली, आपल्याकडच्या पोथ्यांच्या शाईसारखी. २०१४च्या एप्रिलमध्ये हे निकाल छापून आले आणि ‘तुकडा प्राचीन ठरला’ असं लोक म्हणू लागले.

घोटाळा इथेच झाला. चाचणीने सांगितलं ते वनस्पतीचं वय, लिहिण्याची तारीख नव्हे. जुना कोरा स्टॅम्पपेपर मिळवून त्यावर आज खरेदीखत लिहिलं तर कागद जुनाच निघणार. जमिनीचे दावे पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. काजळीची शाई तर आज घरीही करता येते. चाचण्या चोख होत्या, पण मजकूर कधी लिहिला हा प्रश्न त्यांच्या आवाक्यातला नव्हता. तो सोडवला मजकुराने स्वतःच, आणि मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

डरहॅम विद्यापीठाचे फ्रान्सिस वॉटसन यांनी २०१२मध्येच दाखवलं होतं की या ओळी ‘थोमाच्या शुभवर्तमाना’तली वाक्यं कापून जोडलेली गोधडी आहे. बायबलमध्ये नसलेला हा ग्रंथ १९४५मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ सापडला. अभ्यासक अँड्र्यू बर्नहार्ड यांनी आणखी खोलात जाऊन पहिली ओळ पाहिली. ‘माझ्या आईने मला जीवन दिलं’ अशा अर्थाच्या त्या वाक्यात कर्माआधी येणारं ‘म’ हे एक अक्षर गळलं होतं, आपण ‘रामाला’मधला ‘ला’ विसरावा तसं. थोमाच्या मजकुराची इंग्रजी शब्दार्थांसह केलेली एक पीडीएफ इंटरनेटवर होती, २००२ सालची. तिच्यातही त्याच ठिकाणी तेच अक्षर टंकलेखनात राहून गेलेलं होतं. माशीला माशी म्हणतात ती हीच.

उरलासुरला संशय कॉप्टिकचे अभ्यासक ख्रिश्चन अॅस्कलंड यांनी फेडला. या तुकड्यासोबत त्याच मालकाकडून योहानाच्या शुभवर्तमानाचाही एक तुकडा आला होता. हस्ताक्षर तेच, शाईही तशीच. त्याचा मजकूर १९२४मध्ये छापलेल्या एका जुन्या हस्तलिखिताच्या आवृत्तीशी जुळला, आणि तोही एक ओळ सोडून एक अशा क्रमाने. सतराच्या सतरा ओळी नेमक्या त्याच शब्दांवर तुटत होत्या. शिवाय मजकूर कॉप्टिकच्या ज्या बोलीत होता, ती लिहिण्याच्या वापरातून जाऊन शतकं लोटल्यानंतरचा पपायरस होता. पेशवाईतल्या कागदावर लीळाचरित्राच्या मराठीतली चिठ्ठी सापडावी तसं हे झालं. २०१६मध्ये पत्रकार एरियल साबार यांनी तुकड्याच्या मालकीचा माग काढला. तो वाचल्यावर किंग यांनी हा तुकडा बहुधा बनावट असल्याचं मान्य केलं. स्वतःच्या नावाशी जोडलेल्या शोधाबद्दल हे कबूल करणं सोपं नसतं.

येशूच्या लग्नाचे बाकीचे ‘पुरावे’ इतका वेळही टिकत नाहीत. जेरुसलेममधल्या तलपियोत इथे १९८०मध्ये सापडलेल्या कबरीतल्या अस्थिपेट्यांवर येशू, योसेफ, मरीया अशी नावं आहेत, पण त्या काळी ती गल्लोगल्ली सापडणारी नावं होती. दोन पेट्यांमधल्या अवशेषांच्या डीएनएवरून त्या दोघांची आई एक नव्हती एवढं कळलं. तेवढ्यावरून ते नवराबायको ठरत नाहीत. ‘फिलिप्पाचे शुभवर्तमान’ या बायबलबाहेरच्या जुन्या ग्रंथातला उतारा मात्र अस्सल आहे. येशूची अनुयायी मग्दालीया मरीया हिला तिथे येशूची सोबतीण म्हटलंय आणि तो तिचं अनेकदा चुंबन घेई असंही म्हटलंय. कुठे, तो शब्द असायला हवा तिथे हस्तलिखिताला भोक पडलेलं आहे, आणि बहुतेक लोकप्रिय पुस्तकांनी ते आपापल्या मनाने भरलं. त्याच ग्रंथात थोडं आधी ‘म्हणून आपणही एकमेकांचं चुंबन घेतो’ असं मंडळीबद्दल लिहिलंय, ते सहसा कुणी उद्धृत करत नाही.

मग खरं काय? बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत येशूच्या आईचा आणि भावांचा उल्लेख येतो, पत्नीचा येत नाही. ज्यू पुरुष लग्न करतच, म्हणून त्यानेही केलं असणार, असा युक्तिवाद होतो. पण त्याच काळी ब्रह्मचारी राहणारे एसेनी या ज्यू पंथाचे लोक होते, पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस त्यांच्याबद्दल लिहितो. मला सगळ्यात वजनदार वाटते ती पहिल्या शतकातला ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल याची साक्ष. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो विचारतो, इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा (म्हणजे पेत्र) पत्नीला सोबत घेऊन फिरतात, मग आम्हाला तो अधिकार नाही का? येशूची पत्नी असती तर पौलाला याहून मोठा दाखला कोणता मिळाला असता? हा निर्णायक पुरावा नाही. तरी उपलब्ध साधनांत विवाहाच्या बाजूने काहीच नाही, हे ठामपणे म्हणता येतं.

या सगळ्यात मग्दालीया मरीयेवर जो अन्याय झाला तो मला जास्त सलतो. ५९१मध्ये पोप ग्रेगरी यांनी प्रवचनात तिला आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या निनावी पापी स्त्रीला एकच ठरवलं, आणि पुढची कित्येक शतकं ती ‘पश्चात्तापदग्ध वेश्या’ म्हणून रंगवली गेली. कॅथलिक चर्चने आपल्या दिनदर्शिकेतून ही सरमिसळ काढली ती १९६९मध्ये. नंतर कादंबऱ्यांनी तिला पत्नी केलं. योहान मात्र तिच्याबद्दल स्पष्ट लिहितो. अंधार असतानाच ती येशूच्या कबरेपाशी येते, रडत उभी राहते, समोरच्या पुनरुत्थित येशूला माळी समजते. तो ‘मरिये’ अशी हाक मारतो आणि ती वळून म्हणते, ‘रब्बूनी!’ योहान तिथेच त्याचा अर्थही देतो: गुरुजी.