‘बॉर्डरवर’ म्हणजे नक्की काय? शुगरचा रिपोर्ट वाचताना

आमच्या लॅबमध्ये तपासणीसाठी येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं काउंटरवरच पाकीट उघडतात आणि विचारतात, “नॉर्मल आहे ना?” समोर १०८ दिसत असतात, शेजारी १०० लिहिलेलं असतं. “म्हणजे जरासंच जास्त. बॉर्डरवर.” मग रिपोर्ट पाकिटात जातो, पाकीट पिशवीत आणि पिशवी घरी कपाटावर. काही वर्षांनी तीच व्यक्ती पायाची जखम भरत नाही म्हणून परत येते, तेव्हा आकडा २४० झालेला असतो. हे आम्ही इतक्यांदा पाहिलंय, की शेवटी हे पत्रक लिहायला बसलो.

औषध सांगणं तुमच्या डॉक्टरांचं काम आहे, ते इथे सांगणार नाही. पण आकडा कसा आला, कोणत्या वेळचा आहे आणि तो कधी फसवतो, हे रोज रक्त घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी सांगायला हवं.

आधी आकडे

सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात साखर (दर १०० मिलिलिटरमागे) १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. १०० ते १२५ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी. डॉक्टर तिला प्रीडायबेटिस म्हणतात, आपण बॉर्डर म्हणतो. १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना ही पायरी ११० पासून धरते, म्हणून काही लॅबच्या कागदावर १०५ समोर ‘नॉर्मल’ छापलेलं दिसतं आणि आमच्याकडे त्याच १०५ खाली रेघ असते. यात कोणाची चूक नाही. आम्ही १०० ची मर्यादा धरतो, कारण लवकर कळलेलं बरं.

७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, तर १४० च्या खाली ठीक, १४० ते १९९ बॉर्डर, २०० पासून पुढे मधुमेह. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब, ५.७ टक्क्यांच्या खाली हवा. ५.७ ते ६.४ बॉर्डर, ६.५ पासून मधुमेह. खूप तहान, वारंवार लघवी, विनाकारण वजन उतरणं अशी लक्षणं असतील आणि दिवसातून कधीही घेतलेल्या रक्तात साखर २०० किंवा वर निघाली, तर तेवढंही पुरेसं असतं.

लक्षणं नसताना मात्र एकाच आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारायचा नसतो. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी दोन्ही मर्यादेपलीकडे हवेत, नाहीतर तीच तपासणी पुन्हा करून खात्री करायची. एकदा १३० आले म्हणून घरात रडारड नको आणि एकदा ९६ आले म्हणून पेढेही नकोत.

इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात मुलांकडे राहून आलेल्यांच्या रिपोर्टवर साखरेसमोर ६.५, ७.२ असे आकडे असतात. तिथे साखर वेगळ्या एककात मोजतात. त्याला १८ ने गुणा, आपला आकडा मिळेल. ७ म्हणजे आपले १२६.

उपवास आणि उपाशीपोटी

या दोन शब्दांनी आमच्याकडे फार गोंधळ होतो. एकादशीला सकाळी साडेनऊला मावशी येतात. “उपवासच आहे आज, रक्त घ्या.” विचारल्यावर कळतं, आठ वाजता साबुदाण्याची खिचडी झालीय. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काहीही नाही. खिचडी नाही, केळं नाही आणि चहाही नाही. “खाल्लं काहीच नाही, फक्त चहा घेतला” हे वाक्य आम्ही रोज सकाळी ऐकतो. दूध-साखरेचा अर्धा कप चहासुद्धा आकडा हलवतो. बिडी, तंबाखू, मशेरीही त्या सकाळी नको. पाणी मात्र हवं तेवढं प्या, नस सापडायला सोपं जातं. रात्री नऊला जेवून सकाळी सात-आठला आलात तर अगदी योग्य. रोज पहाटे फिरायला जात असाल, तर त्या दिवशी रक्त देऊन मग जा.

पीपी, म्हणजे जेवणानंतरच्या तपासणीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. रोज जेवता तेवढं आणि तसंच जेवा. कितीतरी जण त्या दिवशी मुद्दाम दोन घास पोहे खाऊन येतात आणि आकडा कमी आला म्हणून समाधान मानतात. मग पीपी फास्टिंगपेक्षाही, म्हणजे उपाशीपोटीच्या साखरेपेक्षाही, कमी निघते आणि “मशीन बिघडलंय का?” असा प्रश्न येतो. मशीन ठीक असतं, पोटातच काही गेलेलं नसतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर पीपीच्या जेवणाबरोबर त्या नेहमीप्रमाणे घ्या. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

घरचं जेवण प्रत्येकाचं वेगळं असतं, कुणाची भाकरी-पिठलं तर कुणाचा भात. म्हणून मधुमेह आहे की नाही हे ठरवायला पीपीपेक्षा ग्लुकोज पाजून केलेली तपासणी भरवशाची. तिच्या आधीचे तीन दिवस नेहमीचा भात-पोळी खायचा असतो. कुणी आठवडाभर भात सोडून, फक्त काकडी-टोमॅटोवर राहून येतं. त्यांचा आकडा उलट वाढलेला दिसू शकतो, कारण पिष्टमय अन्नाची सवय तुटलेल्या शरीराला एकदम आलेलं ग्लुकोज झेपत नाही. चांगला रिपोर्ट यावा म्हणून केलेली तयारीच तपासणी बिघडवते. ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तास इथेच बसायचं. बाजारहाट उरकून येऊ नका, चालल्याने साखर खर्च होते.

ट्यूबमध्येही साखर घटते

रक्त घेताना आम्ही दोन ट्यूब भरतो, एक राखाडी टोपणाची, एक जांभळ्या. जांभळी एचबीए१सीची. राखाडी ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं, कारण शरीराबाहेर आल्यावरही रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच ठेवलं तर दर तासाला साखर साधारण ५ ते ७ टक्के घटते. १२८ असलेली साखर दोन तासांत ११५ च्या आसपास उतरते. १२८ म्हणजे मधुमेह, ११५ म्हणजे बॉर्डर. एवढा फरक फक्त सॅम्पल मोटारसायकलच्या डिकीत राहिल्याने पडतो. फ्लोराइडलाही पूर्ण काम करायला चार तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून आम्ही ट्यूब लवकरात लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करतो. घरी येऊन रक्त घेतलं तर ते किती वाजता घेतलं हे ट्यूबवर तुमच्यासमोर लिहितो. लिहिलं नाही तर बिनधास्त विचारा.

बोटाला टोचून बघायचं घरचं मशीन मधुमेह झालेल्यांना रोजच्या नजर ठेवण्यासाठी उत्तम आहे. पण मधुमेह आहे का हे त्यावर ठरवू नका. चांगल्या ग्लुकोमीटरलाही १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते. खरी साखर १२६ असेल तर मशीन १०७ दाखवेल किंवा १४५ सुद्धा. शिवाय आंबा कापून हात नुसते पुसले आणि बोट टोचलं, तर तुमच्या रक्ताबरोबर आंब्याची साखरही मोजली जाते. हात धुवा, कोरडे करा, मग टोचा. शिबिरात बोट टोचून जास्त आकडा आला असेल तर घाबरू नका, नसेतून रक्त देऊन खात्री करा. कमी आला असेल आणि घरात मधुमेह असेल, तरीही खात्री करा.

एक रिपोर्ट एकत्र वाचू

समजा वय ४२. फास्टिंग १०८, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १६२, एचबीए१सी ६.१. तिन्ही आकडे बॉर्डरच्या पट्ट्यात आहेत आणि एकमेकांना दुजोरा देतात. इथे शंकेला जागा नाही, शरीर साखर आवरायला धडपडतंय. मात्र एचबीए१सीच्या खाली ‘सरासरी ग्लुकोज १२८’ असं छापलेलं असतं आणि त्यावरून अनेक फोन येतात. “फास्टिंग १२६ च्या वर म्हणजे मधुमेह ना, मग हे १२८?” ते १२८ फास्टिंगचे नाहीत. दिवसरात्र, जेवणाआधी आणि नंतर, सगळं मिळून काढलेली ती अंदाजे सरासरी आहे. तिची तुलना फास्टिंगच्या मर्यादेशी करायची नाही.

कधीकधी आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. फास्टिंग ९२, पण ग्लुकोजनंतर १७०. आपल्याकडे हे बरंच दिसतं, आणि फक्त फास्टिंग करून निघून जाणाऱ्यांची साखर इथेच निसटते. घरात मधुमेह असेल तर दोन्ही तपासण्या करा, असं आम्ही म्हणतो ते बिल वाढवायला नाही.

दुसरा घोळ एचबीए१सीचा. ही तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे आदले चार दिवस गोड सोडून हा आकडा हलत नाही, हा तिचा मोठा गुण. पण पेशींचंच गणित बिघडलं असेल तर आकडाही बिघडतो. लोह कमी असलेल्या, हिमोग्लोबिन ८-९ असलेल्या कितीतरी बायका आमच्याकडे येतात. त्यांची साखर ठीक असूनही एचबीए१सी वाढलेली दिसू शकते. नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल तर उलट कमी दिसते. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या काही कुटुंबांत सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, असतो. तो आजार असलेल्यांनी एचबीए१सीवर विसंबू नये, साखरेच्या थेट तपासण्या कराव्यात. म्हणून रक्त देताना हे आम्हाला सांगा. थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) असेल तरी सांगा.

ताप, मोठं इन्फेक्शन, ऑपरेशन, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी चालू असलेलं स्टेरॉइड, यांनीही साखर वर जाते. बरं झाल्यावर पुन्हा तपासा. ‘तापामुळे वाढली होती’ असं म्हणून विषय सोडू मात्र नका.

“मी तर बारीक आहे”

बॉर्डरवर असताना बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. तहान, लघवी, थकवा ही लक्षणं आकडा चांगलाच वर गेल्यावर येतात. त्याआधी दिसलंच तर अंगावर दिसतं. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा येतो. आया तो मळ समजून मुलांची मान घासत बसतात. तो घासून जात नाही. इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते.

आणि बारीक असणं ही आपल्याकडे खात्री नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचं आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन यडकिन यांचं उदाहरण छापलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपली चरबी हातापायांवर दिसत नाही, पोटात साठते. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या पुढे घेर असेल, तर लक्षणं नसली तरी तपासणी करा. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने एकदा करावीच. गरोदरपणात साखर वाढलेल्या बायकांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी न चुकता यावं. बाळाचं लसीकरण लक्षात राहतं, आईची ही तपासणी राहून जाते, आणि पुढे मधुमेह होण्याचा धोका त्यांनाच जास्त असतो.

मग बॉर्डरवर काय करायचं?

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीच्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख बॉर्डरवर. या दुसऱ्या गटाच्या हातात अजून बरंच काही आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने ग्लुकोजनंतरची साखर बॉर्डरवर असलेल्या लोकांना तीन वर्षं बघितलं. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यातल्या शंभरातल्या ५५ जणांना तेवढ्यात मधुमेह झाला. ज्यांच्याकडून रोज अर्धा तास भरभर चालणं आणि खाण्यातले बदल करून घेतले, त्यांच्यात ३९ जणांना. शंभरातली सोळा माणसं त्या काळात वाचली. आम्हाला हा आकडा फार मोठा वाटतो.

तुमच्यासाठी नेमकं काय, गोळी लागेल का, हे डॉक्टर सांगतील. आमचं म्हणणं एवढंच, की १०० ते १२५ मधला कागद कपाटावर न टाकता आठवड्याभरात त्यांना दाखवा आणि वर्षभरात पुन्हा तपासा.

एका बाबतीत वर्ष काय, उद्यापर्यंतही थांबू नका. लहान मूल अचानक खूप पाणी पितंय, अंथरूण ओलं करायला लागलंय, वाळत चाललंय, तर उपाशीपोटी वगैरे काही बघू नका. त्याच दिवशी साखर तपासा, रात्र असेल तर थेट दवाखान्यात न्या.

येताना जुने रिपोर्ट घेऊन या, आमच्याकडचे नसले तरी चालतील. ९४, ९९, १०४, १०८ असे चार वर्षांचे चार कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले की आकडा कुठून कुठे चाललाय हे दिसतं, आणि ते समजावून सांगायला आम्ही पैसे घेत नाही. सकाळी गर्दी असते, रिपोर्ट समजून घ्यायला अकरानंतर या.