रिपोर्टचा सीटी आणि प्लॅनिंगचा सीटी

जत-आटपाडीकडून घशाच्या कॅन्सरचा पेशंट मिरजेला शेक (रेडिएशन) घ्यायला येतो, तेव्हा नातेवाईक पिशवीतून सीटी स्कॅनची फिल्म काढतात: "सीटी पंधरा दिवसांपूर्वीच केलाय, परत कशाला?" प्रश्न रास्त आहे. पैसेही जातात आणि एसटीची एक खेपही. पण यंत्र तेच असलं तरी कामं दोन आहेत.

पहिला सीटी गाठ शोधतो. ती केवढी, मानेत पसरली का, हे रेडिओलॉजिस्टनं लिहून दिलं की त्याचं काम झालं. त्यासाठी पेशंट खोलगट टेबलावर डोक्याखाली आधार घेऊन झोपला तरी चालतं.

दुसरा सीटी म्हणजे माप घेणं. ऑपरेशनऐवजी शेकच द्यायचा तर घशाला बहुधा 70 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक), 35 भागांत, आठवड्याला पाच दिवस. त्या पस्तीसही दिवशी पेशंट या सीटीत होता तस्साच झोपला पाहिजे. म्हणून टेबल सपाट, शेकाच्या मशीनसारखंच. सुमारे 70 अंशांच्या पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ओढून मास्क बनवतात. जाळीतून श्वास नीट घेता येतो. खोलीतल्या लेझरच्या रेषा जुळतात तिथे मास्कवर तीन खुणा आणि त्यांवर सीटीत दिसणारे बारीक मणी. मग साधारण 3 मिलिमीटरच्या प्रत्येक कापावर डॉक्टर गाठ, तिच्याभोवती शेकात धरायची जादा कड आणि वाचवायचे अवयव आखतात: लाळग्रंथी, मज्जारज्जू (45 ग्रेच्या आसपासची मर्यादा). किरण हाडातून, हवेतून किती जातील याचा हिशोब फिजिसिस्ट याच सीटीच्या आकड्यांवरून करतो. या सगळ्याला काही दिवस लागतात, त्यामुळे शेक त्याच दिवशी सुरू होत नाही. पहिल्या सीटीची सीडी मात्र आणाच. गाठीची हद्द ठरवताना ती शेजारी लावून बघतात.

बिघडतं ते बहुतेक मास्कपाशी. दाढी मास्कच्या आधीच करा; नंतर काढली तर तो ढिला बसतो. किडके दात काढायचे असतील तर तेही आधी, आणि जखम भरायला दहा-चौदा दिवस द्या. शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गिळताना दुखतं, जेवण तुटतं, वजन उतरतं. मास्कमध्ये मान हलायला लागली तर त्याच दिवशी टेक्निशियनला सांगा. अशा वेळी मास्क, प्लॅनिंगचा सीटी आणि प्लॅन, तिन्ही नव्यानं करावं लागू शकतं.