असत्य : साहित्यिकांच्या दृष्टीतून

खरे काय ते ठाऊक असूनही समोरच्याची खोटी समजूत व्हावी म्हणून केलेले विधान, किंवा त्याच हेतूने पाळलेले मौन, म्हणजे असत्य. साहित्यिकांना हा विषय फार जवळून भिडतो, कारण न घडलेले सांगणे हेच त्यांचे काम. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात कलादेवताच सांगतात, की खऱ्यासारखे भासणारे खोटे आम्हाला पुष्कळ सांगता येते. प्लेटोने कवींवर ठेवलेल्या आरोपांतही खोट्या कथा रचण्याचा आरोप आहे. इंग्रज कवी फिलिप सिडनीने (१५५४–१५८६) त्याला दिलेले उत्तर अजूनही पुरते : कवी कशाचीच ग्वाही देत नाही, म्हणून तो खोटेही बोलत नाही. कथेचा वाचक समजून-उमजून कल्पित जगात शिरतो. फसवल्या जाणाऱ्याला कोणी विचारलेले नसते.

अर्धसत्याचे सर्वांत भेदक चित्रण महाभारताच्या द्रोणपर्वात आहे. भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो. त्रैलोक्याच्या राज्यासाठीही युधिष्ठिर खोटे बोलणार नाही, या विश्वासाने द्रोण त्यालाच विचारतात. ‘अश्वत्थामा मेला’ हे तो मोठ्याने म्हणतो, ‘हत्ती’ हे अस्पष्ट पुटपुटतो. शब्दशः पाहिले तर यात खोटे काही नाही. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकतो. व्यासांनी शब्द मोजले नाहीत, हेतू मोजला. म्हणूनच ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार मराठीत आजही सोयीस्कर संदिग्धतेला चिकटून आहे.

फ्रेंच निबंधकार माँतेन्य म्हणतो, असत्याला सत्यासारखा एकच चेहरा असता तर त्याच्या उलट ते खरे धरता आले असते. पण त्याला लाख चेहरे आहेत. उपरोधकार स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या काल्पनिक प्रवासकथेमधील (१७२६) विवेकी घोड्यांच्या भाषेत खोट्याला शब्दच नाही, ते ‘जे नाही ते सांगणे’ म्हणतात.

नॉर्वेजियन नाटककार इब्सेनने ‘द वाइल्ड डक’ या नाटकामध्ये (१८८४) नेमकी उलट बाजू मांडली. सत्याचा आग्रही ग्रेगर्स एका कुटुंबातली जुनी लपवाछपवी उघड करतो आणि त्यात कोवळ्या हेडविगचा जीव जातो. इब्सेन येथे खोट्याची भलावण करत नाही. दुसऱ्याच्या घरात सत्य नेणाऱ्यावर काय जबाबदारी येते, हे दाखवतो.

विसाव्या शतकात लक्ष व्यक्तीकडून सत्तेकडे वळले. राजकीय भाषा असत्याला खरेपणाचा मुलामा देते, असे इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये लिहिले. फेब्रुवारी १९७४ मध्ये सोव्हिएत संघातून हद्दपारीच्या तोंडावर रशियन लेखक सोल्झेनित्सिनने देशबांधवांकडे एवढेच मागितले : जे खोटे वाटते त्यावर सही करू नका, त्याच्या बाजूने हात वर करू नका.