सहवासातून भाषाशिक्षण (कोकण किनारा)

सहवासातून भाषाशिक्षण : एखादी भाषा ती बोलणाऱ्यांच्या गावात, त्यांच्याच घरी राहून शिकण्याची रीत. ज्या भाषांना वर्ग, शिक्षक, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा आहेत, त्यांच्या बाबतीत अशा मुक्कामाचा उपयोग शिकलेले पक्के करण्यासाठी होतो. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, दालदी किंवा कोर्लई गावातली पोर्तुगीजपासून घडलेली नौ लिंग अशा क्वचितच शिकवल्या जाणाऱ्या भाषांच्या बाबतीत मात्र मुक्काम हाच वर्ग असतो. कोकणात अशा मुक्कामाला येणाऱ्यांमध्ये परदेशी अभ्यासक असतात, तसेच घाटावरचे मराठी भाषकही असतात.

या रीतीला किनाऱ्यावर जुना इतिहास आहे. इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि साष्टीत लोकांमध्ये राहून कोकणी व मराठी शिकला. त्याचे ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूर येथे छापले. समोर कोश नव्हता, व्याकरण नव्हते. ते त्यालाच तयार करावे लागले. आजही कमी शिकवल्या जाणाऱ्या भाषेच्या विद्यार्थ्याला स्वतःपुरते एक छोटे व्याकरण लिहावेच लागते. उलट दिशेचे उदाहरण बेने इस्रायलींचे. अलिबागजवळच्या नवगावशी आपले मूळ जोडणारा हा मराठी भाषक ज्यू समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. तिथे नव्याने आलेल्यांना हिब्रू शिकवण्यासाठी उल्पान नावाचे वर्ग असतात. पहिला उल्पान १९४९ मध्ये जेरुसलेमला सुरू झाला. त्यात हिब्रू ही हिब्रूतूनच शिकवतात, कारण वर्गात जमलेल्यांना दुसरी समाईक भाषा नसते.

कोकणातली मुख्य अडचण नेमकी इथे आहे. इथे समाईक भाषा आहे, आणि ती प्रत्येकाला येते. परका माणूस दिसला की मालवणी माणूस सौजन्याने शाळेतल्या मराठीवर येतो, परदेशी दिसला तर हिंदीवर किंवा इंग्रजीवर. बोली घरातल्यांसाठी राखून ठेवलेली असते. त्यामुळे सहा महिने राहूनही पाहुण्याच्या कानावर बोली येते, पण त्याच्याशी कोणी ती बोलत नाही. मुक्कामाची सगळी आखणी ही अडचण डोळ्यांसमोर ठेवून करावी.

गाव निवडताना तारकर्लीसारखी पर्यटनाची जागा टाळावी. तिथे यजमानाचा दिवस हिंदी बोलण्यात जातो. मोठ्या ट्रॉलरवरही फारसे हाती लागत नाही, कारण खलाशी बऱ्याचदा नेपाळी किंवा कर्नाटकातले असतात आणि कामाची भाषा हिंदी होते. रत्नागिरी-देवगडकडच्या आंब्याच्या बागांतही राखणीला नेपाळी माणसे असतात. त्यापेक्षा किनाऱ्यापासून थोडे आत, भातशेती असलेले आणि तीन पिढ्या एकत्र राहणारे घर उत्तम. घरात आजी असावी. ती पाहुण्यासाठी भाषा बदलत नाही, एकच गोष्ट न कंटाळता तीनदा सांगते आणि चुकले तर तिथेच सुधारते. लहान मुलेही चांगले शिक्षक असतात, पण शाळेत जाऊ लागल्यावर तीही प्रमाण मराठीत उत्तरे देऊ लागतात.

काळाची निवड स्थळाइतकीच महत्त्वाची. मिरगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, यावे. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते. होड्या वर ओढलेल्या असतात, माणसे घरी बसून जाळी दुरुस्त करतात आणि गजालींना (गप्पांना) वेळ असतो. पाठोपाठ लावणी येते. तरवा (भाताची रोपे) काढणे, जुड्या बांधणे, चिखलात लावणे ही कामे एकाच क्रमाने दिवसभर चालतात. त्यामुळे तीच क्रियापदे, त्याच आज्ञा शेकडो वेळा कानावर पडतात. गणपतीत मात्र मुंबईचे चाकरमानी येतात आणि आठ-दहा दिवस घराची भाषा मुंबईची होते. ते दिवस उजळणीला ठेवावेत. पावसाळ्याची एक व्यावहारिक बाजू अशी की दमट हवेत शाईचे पेन फुटते, कागद चिकटतात आणि वीज जाते. पेन्सिल, डबल रेघी वही आणि बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर एवढी सामग्री पुरते.

पहिल्या दिवशी चार वाक्ये पाठ करून यावीत : ‘ह्येका काय म्हणतत?’ (याला काय म्हणतात?), ‘परत सांगा’, ‘हळू बोला’ आणि ‘माका मालवणीतच सांगा’. शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगी. सकाळी तासभर एका ठरावीक माणसाजवळ बसून नेमके प्रश्न विचारावेत, आणि त्या तासाचा मोबदला राहण्या-जेवणाच्या पैशांपासून वेगळा ठरवावा. शिकवणारा आणि जेवू घालणारा एकच असला की चुका दाखवायला त्याला संकोच वाटतो. बाकीचा दिवस कामात घालवावा. खुर्चीवर बसवलेला पाहुणा भाषा शिकत नाही. विळीवर, आडावर, खळ्यात हात लावणारा शिकतो. संध्याकाळी परवानगी घेऊन दोन मिनिटांचे बोलणे मुद्रित करावे आणि शब्दन्‌शब्द उतरवावे. सुरुवातीला त्या दोन मिनिटांना तास-दीड तास लागतो. हे काम कंटाळवाणे खरे, पण कान तयार होतो तो यानेच. नवे शब्द दिवसाला दहा-बारा पुरे, आणि तेही पूर्ण वाक्यात लिहावेत.

वेळेचा अंदाज असावा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला हिंदीत कामापुरते प्रावीण्य मिळवायला ४४ आठवडे, म्हणजे सुमारे ११०० तासांचे वर्ग धरते. मराठी त्याहून सोपी नाही : लिंगे तीन, एक ते शंभर अंकांचे शब्द जवळजवळ सगळे वेगवेगळे, ‘काल’ आणि ‘काळ’ यांतला फरक, आणि एकाच अक्षराने लिहिलेले ‘चार’ व ‘चूल’ यांतले दोन निराळे च. म्हणून परदेशी विद्यार्थ्याने आधी मराठीचा पाया घालून मग किनाऱ्यावर उतरावे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज पुण्यात मराठीचे वर्ग चालवते. अंक पक्के करायला मात्र बंदरावरच्या मासळीच्या लिलावाइतकी चांगली जागा नाही.

मराठी येणाऱ्याला मालवणी सोपी जाईल, हा समज अर्धाच खरा. ‘माका’ (मला), ‘तुका’ (तुला), ‘खय’ (कुठे), ‘आसा’ (आहे), ‘व्हया’ (हवे) हे शब्द आठवड्यात बसतात. फसगत होते ती लिंगाच्या प्रत्ययांत. प्रमाण मराठीत ‘माझा’ पुल्लिंगी. मालवणीत पुल्लिंगी रूप ‘माझो’, आणि ‘माझा’ हे नपुंसकलिंगी. ‘माझो झील’ (मुलगा), ‘माझी बायल’ (बायको), पण ‘माझा घर’, ‘तुझा नाव काय?’. घाटावरच्या माणसाला हे चुकीचे मराठी वाटते आणि तो नकळत मनातल्या मनात दुरुस्ती करतो. ज्या क्षणी तो दुरुस्ती करतो, त्या क्षणी त्याचे शिकणे थांबते. याउलट ‘मी जातंय’, ‘तू खय जातंस?’ ही रूपे स्त्री-पुरुषांना सारखीच. तिथे प्रमाण मराठीतले ‘जातो-जाते’ विसरावे लागते. नावांचेही तसेच : सुरमई मागितली तर कळते, पण घरात ती ‘इसवण’ असते.

आणखी एक चूक नेहमी घडते. नाटकांतून ऐकलेली शिवराळ मालवणी हीच खरी समजून नवखा माणूस ती वडीलधाऱ्यांपुढे वापरतो. त्या शब्दांना वय, नाते आणि जागा यांची कडक बंधने आहेत, आणि ती पाळण्याइतकी जाण परक्याला वर्षभरात येत नाही. तोवर वयस्कांना ‘तुमी’ म्हणावे आणि काकी, आबा, वयनी अशी नाती लावावीत. साधारण दीड-दोन महिन्यांनी प्रगती थांबल्यासारखी वाटते, कारण रोजच्या गरजा भागण्याइतकी भाषा आलेली असते. अशा वेळी घर बदलू नये, विषय बदलावा : भांडण, आजारपण, जमिनीचा बांध, देवळातले गाऱ्हाणे.

परदेशी व्यक्तीला खोली देणाऱ्या यजमानाने २४ तासांच्या आत तिच्या मुक्कामाची माहिती देणारा सरकारी अर्ज (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) ऑनलाइन भरणे बंधनकारक आहे. गावातल्या घरांना हे बहुधा ठाऊक नसते आणि पुढचा त्रास यजमानालाच होतो, म्हणून विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी शेजारी बसून तो भरून घ्यावा. पर्यटन व्हिसावर स्थानिक भाषेचा अनौपचारिक, प्रमाणपत्राविना अल्पमुदतीचा अभ्यास चालतो. रीतसर अभ्यासक्रमाला विद्यार्थी व्हिसा लागतो.

मुरूड तालुक्यातले कोर्लई हे या सगळ्यात वेगळे प्रकरण आहे. कुंडलिकेच्या मुखाशी, किल्ल्याच्या पायथ्याला राहणारे इथले कॅथलिक पोर्तुगीजपासून घडलेली भाषा बोलतात आणि तिला नौ लिंग, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. पोर्तुगीज हा भाग सोडून १७४० मध्ये गेले, भाषा राहिली. शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण मराठीच्या शेजाराने क्रियापद वाक्याच्या शेवटी गेलेले. बोलणारे हजाराच्या आसपास, आणि सगळे मराठीही उत्तम बोलणारे. त्यामुळे पोर्तुगीज येणारा शब्दांवर विसंबून फसतो. मराठी येणाऱ्याला वाक्याची घडण आधीच अवगत असते, त्याला फक्त शब्द गोळा करायचे असतात. एवढ्या लहान समाजात प्रत्येक ध्वनिमुद्रणातला आवाज गावभर ओळखू येतो. म्हणून मुद्रणाआधी घरातल्या सगळ्यांची संमती घ्यावी, कोणाविषयी बोललेले पुसून टाकावे आणि परत जाताना मुद्रणांची एक प्रत त्याच घरी ठेवावी.