बोगदा रोहतांगचा आहे, कुंझुमचा नाही! लाहौल आणि स्पितीचा कायमचा घोळ

दर वर्षी दिवाळीची सुट्टी जवळ आली की मला दोन-तीन फोन येतातच. "अगं आम्ही लाहौल-स्पिती करतोय, आता अटल टनेल झालाय ना, मनालीहून सकाळी निघालो की संध्याकाळी काझा!" मग मी पहिल्यापासून सुरू करते. यंदा लिहूनच ठेवते, म्हणजे फोन आला की हेच पाठवून देईन.

मनाली तुम्हाला पाठ आहे, मॉल रोड, हिडिंबा मंदिर, सोलंग वगैरे, ते सोडून देऊ. आणि लाहौल म्हणजे लाहोर नाही, हे माझ्या आत्येसाठी (तिने खरंच व्हिसाचं विचारलं होतं).

तर लाहौल-स्पिती हे हिमाचलातल्या एका जिल्ह्याचं नाव आहे, एका जागेचं नाही. १९६० साली हा जिल्हा झाला, मुख्यालय केलाँग, ते लाहौलमध्ये. स्पितीचं मोठं गाव काझा. मधे कुंझुमचा घाट, साडेचार हजार मीटरच्याही वर. सगळा घोळ या घाटापाशी होतो.

आपल्याकडे कसं, घाटमाथ्यावर पडलेला पाऊस या अंगाला कोकणात उतरतो आणि त्या अंगाला देशावर जातो, तसंच कुंझुमचं. लाहौलच्या अंगाला चंद्रा नदी, ती तांदीला भागा नदीला मिळते आणि पुढे तीच चिनाब. पलीकडच्या अंगाला स्पिती नदी, ती शेजारच्या किन्नौर जिल्ह्यात खाबजवळ सतलजला मिळते. पाणीच वेगळ्या दिशांना जातं म्हटल्यावर रस्ते, बाजार, देव, भाषा सगळंच वेगळ्या दिशांना गेलं. लाहौलची ये-जा कुल्लू आणि चंब्याशी, तर स्पितीचं तोंड तिबेटकडे.

आता तो बोगदा. अटल टनेल ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, आणि तो जातो रोहतांग घाटाच्या पोटातून. रोहतांगच्या अलीकडे कुल्लू, पलीकडे लाहौल. म्हणजे बोगद्याने तुम्हाला लाहौलमध्ये नेऊन सोडलं, बास, त्याचं काम संपलं. बाहेर पडलं की डावीकडे सिस्सू, तांदी, केलाँग. हा रस्ता चांगला आहे आणि फार मोठी बर्फवृष्टी सोडली तर हिवाळ्यातही बऱ्यापैकी चालू असतो. उजवीकडे कोकसर, ग्राम्फू, छतरू, बातल आणि मग कुंझुम चढून लोसर, काझा. या उजवीकडच्या रस्त्यावर ग्राम्फू ते बातल म्हणजे धोंडे आणि रस्त्यावरूनच वाहणारे नाले, दुपारी ऊन तापून बर्फ वितळलं की नाल्यांचं पाणी वाढतं म्हणून ड्रायव्हर लोक पहाटे निघायचा आग्रह धरतात, आणि कुंझुम तर साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बर्फाखाली बंदच. त्याच्याखालून बोगदा वगैरे काही नाही.

माझा मामेभाऊ बायको-पोरांना घेऊन नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेला. टूरवाल्याने छापून दिलेल्या कार्यक्रमात "अटल टनेलमार्गे काझा, दोन रात्री". कोकसरच्या पुढे गाडी जाऊच दिली नाही. धाब्यावर राजमा-चावल खाल्ले, पोरांनी रस्त्याकडेच्या बर्फात लोळून घेतलं आणि परत मनाली. हॉटेलचे पैसे गेले ते गेलेच. वर टूरवाला म्हणतो, "सर सिस्सूचा धबधबा बघितलात ना, मग लाहौल-स्पिती झालंच की!" या वाक्यासाठी त्याला दंड लावायला पाहिजे.

बरं, हा त्रास काय फक्त टुरिस्टांना नाही. काझाच्या माणसाला जानेवारीत आपल्याच जिल्ह्याच्या मुख्यालयात गाडीने जायचं असेल तर तो खाली ताबो, किन्नौर, रामपूर, शिमला, मग फिरून मनाली, आणि मग बोगद्यातून केलाँग असा जातो. उन्हाळ्यात दोनशेच्या आसपास असलेलं अंतर सातशेच्या घरात. कागदावरचा एक जिल्हा तो हाच.

म्हणजे हिवाळ्यात स्पितीला जाताच येत नाही का? येतं, पण शिमल्याकडून, किन्नौरमार्गे. तो रस्ता लांब आहे, मधे दरडीही कोसळतात, तरी मी उन्हाळ्यातसुद्धा त्याच बाजूने जायला सांगते, कारण उंची हळूहळू वाढते. मनालीहून थेट म्हणजे दोन हजार मीटरवरून एका दिवसात काझाच्या साडेतीन हजारांच्या वर, रात्री डोकं धरून बसायची वेळ येते. अमेरिकन पासपोर्टवाला भाचा सोबत असेल तर किन्नौर ते स्पिती पट्ट्यासाठी त्याचं इनर लाइन परमिट (सीमेजवळच्या भागात जायचा परवाना) काढा, आपल्याला लागत नाही.

आता बघायला काय, तर इथेही लोक "दोन्हीकडे गोंपाच (बौद्ध मठच) ना" म्हणतात. नाही हो! लाहौलमध्ये हिंदू आणि बौद्ध इतके मिसळलेत की वेगळे काढताच येत नाहीत. त्रिलोकनाथला जा. पांढऱ्या दगडाची सहा हातांची मूर्ती, हिंदूंसाठी शिव, बौद्धांसाठी अवलोकितेश्वर, आणि मूर्तीच्या डोक्यावर नीट बघितलंत तर छोटासा बुद्ध बसलेला दिसतो. पूजा लामा करतो, आणि समोर एक आजी घंटा वाजवून डोकं टेकवते तर दुसरी प्रार्थनाचक्र फिरवत पुढे जाते, कुणाला काही विचित्र वाटत नाही. तिथून जवळच उदयपूरचं मृकुला देवीचं मंदिर, तिथलं लाकडी कोरीव छत बघायला मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. बाकी लाहौल म्हणजे बटाटा, वाटाणा, फ्लॉवरची शेतं आणि नदीकाठचे विलो, हिरवं.

स्पितीत मात्र झाड शोधावं लागतं, आणि तिथली भाषा तिबेटी वळणाची. जुनी रीत अशी की घर-जमीन थोरल्या मुलाला, धाकटा मठात. फोटोत सगळ्यांना दिसतो तो "की" नावाचा गोंपा, टेकडीवर रचलेला, छान आहे, बघा. पण मला विचाराल तर ताबो. ९९६ सालचा मठ, बाहेरून नुसती मातीच्या विटांची बुटकी घरं, गावातली गोठा-कोठारं वाटावीत अशी, लोक गाडीतूनच बघून "हे काय?" म्हणतात. आत अंधार, फोटो काढायला बंदी, डोळे सरावले की भिंतींवरच्या मातीच्या रंगीत मूर्ती एकेक करून पुढे येतात, आपल्या डोक्याच्या वर, भिंतीतून अर्ध्या बाहेर आल्यासारख्या, आणि त्यांच्यामागे हजार वर्षांपूर्वीची चित्रं. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा बाकीचे चहाला गेले तरी मी आतच.

किरकोळ तक्रारी पटापट. ते "स्पिटी" नाही, स्पिती, तिथले लोक तर नुसतं "पिती" म्हणतात. स्पितीला "मिनी लडाख" म्हणणाऱ्याने आधी ताबोत अर्धा तास बसावं. आणि चंद्रताल तलाव सगळे स्पितीत मोजतात, पण तो कुंझुमच्या लाहौलकडच्या अंगाला आहे, त्याचं पाणी चंद्रा नदीत जातं.

हातात चारच दिवस आणि महिना डिसेंबर असेल तर बोगद्यातून जा, डावीकडे वळा, केलाँगला राहा, आणि फोटोखाली फक्त "लाहौल" लिहा. स्पितीला आठ-नऊ दिवस काढून जून ते सप्टेंबरात जा, शिमल्याकडून शिरा आणि कुंझुम उघडा असेल तर मनालीकडून बाहेर पडा. ताबोला एक रात्र राहायचंच, काझाहून धावती फेरी नाही चालणार. आणि टॉर्च न्या, मोबाइल बाहेर ठेवायला लावतात.