किट लेन्स टाकाऊ असते का?

कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 मिलिमीटरची झूम लेन्स म्हणजे फुकटची वस्तू, तिने फोटो धूसरच येणार, हा समज पुण्यातल्या हौशी छायाचित्रकारांत वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेण्यात वर्तुळाकार नंदीमंडप 18 मिलिमीटरला, म्हणजे झूमच्या सर्वांत रुंद टोकाला, अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा लहान, तितके ते मोठे) एफ/8 ठेवून आणि कॅमेरा पायरीवर नीट टेकवून टिपला, तर दगडाचा खरबरीतपणाही स्पष्ट उमटतो. शिवाय साधारण 200 ग्रॅमची ही लेन्स सिंहगड चढताना गळ्याला जड होत नाही. प्लास्टिकच्या माउंटबद्दलची, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याबद्दलची ओरड तर मला अतिशयोक्तच वाटते.

खरी उणीव प्रकाशाची आहे. 55 मिलिमीटरला तिचे अ‍ॅपर्चर एफ/5.6 पेक्षा अधिक उघडत नाही, म्हणजे एफ/1.8 च्या 50 मिलिमीटर लेन्सच्या तुलनेत जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश आत येतो. त्यामुळे विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर ढोलावर पडणारे टिपरू स्पष्ट पकडायचे, तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, बराच वाढवावा लागतो आणि चित्र दाणेदार होते. लेन्समधील स्थिरीकरण तेथे कामी येत नाही, कारण ते आपल्या हाताची थरथर सावरते, वादकाची हालचाल नव्हे.