कांद्याला थंडीच्या आधी कोरडं पाहिजे : ट्युलिप, अल्पाइन हाऊस अन् आपला मराठवाडा

दिवाळी झाली की संभाजीनगर, लातूर, नांदेडकडची बरीच मंडळी आता ट्युलिप, डॅफोडिल, क्रोकसचे कांदे (बल्ब) ऑनलाइन मागवायलेत, अन् जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यांचा प्रश्न एकच, पानं तर आली, फूल कुठंय? उत्तर पण ठरलेलं, आपल्याकडं थंडी नाही ना. हे अर्धंच खरं आहे. थंडी लागतेच, ट्युलिपला १२ ते १६ आठवडे ५ ते ९ अंशाची थंडी नाही मिळाली तर दांडा वर येत नाही, पण या कांद्यांचा मागचा चारेकशे वर्षांचा इतिहास वाचला की कळतं, ज्यांनी ज्यांनी हे कांदे जगवले त्यांची खरी डोकेदुखी थंडी नव्हतीच, पाणी होती. कांदा कुठल्या महिन्यात कोरडा ठेवायचा अन् कसा, सगळी झटापट त्यासाठी. इंग्लंडातली हौशी माणसं हीटर नसलेलं काचघर, म्हणजे अल्पाइन हाऊस, कशाला बांधत असतील याचा उलगडा पण तिथंच होतो.

ट्युलिपचं मूळ गाव हॉलंड नाही हे बहुतेकांना माहीत असतं. रानटी ट्युलिप भरपूर सापडतात ते कझाकस्तान, उझबेकिस्तान, किर्गिझस्तानच्या डोंगरउतारावर, तिएन शान अन् पामीरच्या भागात. तिथं बर्फ वितळलं की दोन-अडीच महिने ओल राहते, तेवढ्यात पान, फूल, बी सगळं उरकून घ्यायचं अन् मग उन्हाळाभर जमिनीखाली गप्प पडून राहायचं, वर माती भाजून निघते. पण आत कांदा रिकामा बसलेला नसतो, याच आरामाच्या दिवसांत पुढच्या वर्षीची कळी आतल्या आत तयार होते. तुर्कस्तान, इराण, ग्रीसकडचे क्रोकस, फ्रिटिलारिया, रानटी नार्सिसस (डॅफोडिलचंच कूळ) यांचं पण थोड्याफार फरकानं हेच, पाऊस हिवाळ्यात अन् उन्हाळा कोरडा ठक्क.

आता आपलं बघा. आपला एप्रिल-मे कोरडा, तिथपर्यंत सगळं जमतं, पण जूनला पाऊस सुरू झाला की ज्या चार महिन्यांत या कांद्याला पाण्याचा थेंब नको असतो नेमकी तेव्हाच आपली काळी माती चिकट होऊन बसते, अन् कांदा कुजतो. म्हणजे कांदा फुलला तरी दुसऱ्या वर्षी हातात काही राहत नाही. थंडी फ्रिजमध्ये देता येते हो, पावसाळ्याचं काय करणार?

हे कांदे आपल्या उपखंडाला नवीन नाहीत. बाबर फुलांचा लई शौकीन, काबूलच्या आसपास किती प्रकारचे ट्युलिप आहेत ते त्यानं एकदा मोजायला लावले तर ३२-३३ भरले, असं बाबरनाम्यात त्यानंच लिहून ठेवलंय. त्याचा पणतू जहांगीर १६२० च्या वसंतात काश्मीरला गेला तेव्हा त्यानं उस्ताद मन्सूरकडून तिथल्या शंभरावर फुलांची चित्रं काढून घेतली, मन्सूरचा लाल ट्युलिप आजही प्रसिद्ध आहे. पण मला त्याहून आवडतं ते जहांगीरनं केलेलं छपरांचं वर्णन. काश्मिरात घराच्या छपरावर माती टाकून त्यात ट्युलिपचे कांदे लावायची पद्धत होती अन् ते दरवर्षी वसंतात आपोआप फुलायचे. मातीचं छप्पर म्हणजे आपल्याकडचं माळवद, फक्त आपल्या माळवदावर पावसाळ्यात गवत उगवतं अन् त्यांच्याकडं ट्युलिप. छपरावर कांदा का टिकतो याचं उत्तर सोपं आहे, मातीचा थर पातळ, पाणी निघून जातं, अन् उन्हाळ्यात छप्पर तापून कडक कोरडं होतं. काचघराची अक्कल येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी हे करून ठेवलेलं होतं. (संभाजीनगरचा बीबी का मकबरा बघायला गेलात तर घुमटाकडं बघून फोटो काढून परत येऊ नका, भिंतींवरची नक्षीतली फुलं पण बघा. मुघलांना फुलांचं किती वेड होतं ते तिथं दिसतं.)

युरोपात ट्युलिप कुणी आणला याची नेहमीची गोष्ट म्हणजे बुसबेक नावाचा राजदूत, तुर्कस्तानच्या सुलतान सुलेमानच्या दरबारात होता, त्यानं कांदे व्हिएन्नाला पाठवले. तारखांचा मात्र घोळ आहे, कारण १५५९ ला जर्मनीत आउग्सबुर्गच्या एका बागेत कॉनराड गेसनरनं ट्युलिप फुललेला बघितला अन् १५६१ ला त्याचं वर्णन पण छापलं. एका माणसानं आणला असं नसणार, व्यापाऱ्यांच्या सामानातून कांदे येतच असतील. कारण कांदा म्हणजे प्रवासाला तयार असलेलं झाड, झोपलेला असताना कापडात गुंडाळा अन् महिनोन्महिने फिरवा, मरत नाही. बाकी झाडं समुद्रावरून जिवंत न्यायला १८३० च्या दशकात वॉर्डची काचपेटी यावी लागली, कांदे त्याच्या कितीतरी आधी निम्मं जग फिरून आले होते.

पुढं क्लुसियस. १५९३ ला हा म्हातारा वनस्पतीशास्त्रज्ञ लायडनच्या विद्यापीठात आला, पुढच्या वसंतात त्याच्या बागेत ट्युलिप फुलले, लोकांना कांदे देईना म्हणून लोकांनी चोरून नेले, अन् तिथून डच धंदा उभा राहिला असं सांगतात. १६३७ च्या फेब्रुवारीत हॉलंडात ट्युलिपच्या कांद्यांचे चढलेले भाव कोसळले ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती जरा फुगवूनच सांगितली जाते, त्यामुळं त्यात जात नाही. त्यातली खरी मजा वेगळीच आहे, ज्या चट्ट्यापट्ट्याच्या फुलांसाठी लोक घरं विकायला निघाले होते ती फुलं आजारी होती. मावा किडीतून पसरणाऱ्या व्हायरसनं तो रंग फुटतो हे १९२८ ला इंग्लंडात डोरोथी केली यांनी सिद्ध केलं. आजारी कांदा वर्षागणिक खंगत जातो, म्हणून तो दुर्मिळ, अन् दुर्मिळ म्हणून महाग.

दुर्मिळ कांद्यांचं वेड खऱ्या अर्थानं सुरू झालं ते १९ व्या शतकाच्या शेवटी. रशियानं मध्य आशिया ताब्यात घेतला अन् सेंट पीटर्सबर्गच्या बागेत वनस्पतीशास्त्रज्ञ एडुआर्ड रेगेलच्या टेबलावर नवनवीन कांदे यायला लागले, ग्रेगी ट्युलिप १८७३ ला अन् कॉफमानियाना १८७७ ला त्यानंच जगापुढं आणला. त्याचा मुलगा आल्बर्ट तिकडंच राहून कांदे गोळा करायचा. हार्लेमच्या फान टुबेर्गेन कंपनीनं तर स्वतःची माणसं ताश्कंदकडं पाठवून कांदे उकरून आणवले. आता हे सगळे कांदे पोचले इंग्लंड-हॉलंडला, तिथली थंडी त्यांच्या गावच्या थंडीपुढं काहीच नाही, तरी बागेत लावलेले बरेचसे दोन-तीन वर्षांत गायब व्हायचे. का? इंग्लंडात उन्हाळ्यात पण पाऊस पडतो. अन् हिवाळा बर्फाचा कोरडा नसतो, चिखलाचा असतो.

इथं अल्पाइन हाऊस येतं. तोवर काचघर म्हणजे गरम ठेवायची जागा, आत अननस अन् ऑर्किड. अल्पाइन हाऊस त्याच्या बरोब्बर उलटं. हीटर नाही, बाजूला अन् वर आढ्याला खिडक्याच खिडक्या, बारा महिने वारा खेळता, काच आहे ती फक्त वरून पाऊस पडू नये म्हणून. वैजापूर-लासूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही, त्याची कांदाचाळ याच हिशोबानं बांधलेली असते, वरून झाकलेली अन् खालून-बाजूनं हवा. आत कंबरेइतक्या उंच ओट्यावर वाळू भरतात, त्या वाळूत मातीच्या कुंड्या काठापर्यंत पुरतात, अन् पाणी बऱ्याचदा कुंडीत न देता बाजूच्या वाळूला देतात, कुंडीच्या भिंतीतून हवी तेवढी ओल आत जाते. पानं पिवळी पडली की पाणी बंद. उन्हाळ्याच्या शेवटी कांदे काढून नवीन मातीत भरतात अन् सप्टेंबरला पहिलं पाणी. ज्यांना काचघर परवडत नाही ते जमिनीवरच विटांची चौकट करून वर काचेची झाकणं टाकतात, त्याला बल्ब फ्रेम म्हणतात, तत्त्व तेच.

लंडनच्या क्यू इथल्या प्रसिद्ध वनस्पती बागेत पहिलं अल्पाइन हाऊस १८८७ ला झालं. आत्ताचं २००६ चं आहे, ते बघण्यासारखं, उंच कमानीचं, एसी न लावता जमिनीखालच्या काँक्रीटच्या बोळातून हवा फिरवून गार करतात अन् गरम हवा वरून निघून जाते, वारुळात हवा कशी खेळते त्यावरून ती कल्पना घेतलेली आहे. पण या छंदाला माणसं मिळाली ती रेजिनाल्ड फॅररमुळं, यॉर्कशायरचा हा गडी डोंगरी झाडांच्या मागं चीनपर्यंत गेला अन् १९२० ला वरच्या ब्रह्मदेशात रोपं गोळा करता करताच वारला. दुसरे ई. ए. बोल्स, लंडनजवळच्या आपल्या घरच्या बागेत आयुष्यभर क्रोकस अन् स्नोड्रॉप (कांद्यातून येणारं छोटं पांढरं फूल) सांभाळत बसले. १९२९ ला अल्पाइन गार्डन सोसायटी निघाली. तिचं सगळ्यात मोठं काम माझ्या मते बी वाटायचं. सभासदांनी आपापल्या कुंडीतलं बी पाठवायचं अन् ते सगळीकडं वाटायचं. बियातून ट्युलिप फुलायला पाच-सात वर्षं लागतात हे खरं, पण कांद्याबरोबर येणारा व्हायरस बियातून सहसा येत नाही, अन् रानातला एकही कांदा उकरावा लागत नाही.

त्याच काळातली एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला ऐकवायलाच पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या आसपास डॅफोडिलच्या कांद्यांना सूत्रकृमी लागून इंग्लंडातला सगळा धंदा बसायची वेळ आली होती. रॅम्सबॉटम नावाच्या तरुण संशोधकानं शोधून काढलं की झोपलेला कांदा साधारण ४३ अंशाच्या पाण्यात तीनेक तास बुडवला तर कृमी मरतो अन् कांदा जगतो. ४३ अंश! परभणी-नांदेडला मे महिन्यात हवाच तेवढी तापते. थोडक्यात, झोपलेला कांदा आपल्या उन्हाला वाटतो तेवढा घाबरत नाही. फक्त तो काही तासांचा उपचार होता, मे महिनाभर पत्र्याखाली ठेवायचा सल्ला नव्हे, जास्त तापलं की आतली कळी जळते, त्यामुळं सावलीत अन् हवेशीर.

या हौसेची काळी बाजू पण आहे. तुर्कस्तानच्या डोंगरातून सायक्लामेन, स्नोड्रॉपचे कांदे पोत्यानं उकरून युरोपात विकले गेले, शेवटी दुर्मिळ झाडा-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या सायटिस करारात सायक्लामेन १९७५ ला अन् स्नोड्रॉप १९९० ला घ्यावे लागले. अन् एवढं होऊनही वेड कमी नाही, २०२२ ला एका पिवळ्या स्नोड्रॉपचा एक कांदा ऑनलाइन लिलावात १,८५० पौंडाला गेला. एक कांदा. उलट चिलीच्या टेकोफिलियाचं बघा, गडद निळं फूल, सँटियागोच्या डोंगरातलं, रानातून संपलं असंच सगळे धरून चालले होते, पण युरोपातल्या हौशी लोकांच्या अल्पाइन हाऊसमध्ये कुंडीत ते वर्षानुवर्षं फुलत राहिलं. २००१ ला रानात परत सापडलं. त्यामुळं हौशी माणसाला सरसकट चोर म्हणता येत नाही अन् साधू पण नाही.

आपल्याकडं परदेशी कांदा रुजला नाही असंही नाही. निशिगंध, म्हणजे गुलछडी, मेक्सिकोचा, आज त्याच्याशिवाय हार होत नाही. गुलछडी टिकली कारण तिला आपला उन्हाळा-पावसाळा दोन्ही चालतात. काश्मिरात २००७ ला श्रीनगरची ट्युलिप बाग उघडली, ती चालते कारण तिथलं हवामानच कांद्याच्या गावाजवळचं आहे. मराठवाड्यात ट्युलिप म्हणजे एका सीझनचा पाहुणा धरायचा, फ्रिजमध्ये थंडी द्या (सफरचंद, केळी शेजारी ठेवू नका, पिकणाऱ्या फळाच्या इथिलीन वायूनं कळी आतच मरते), फूल बघा अन् सोडून द्या. खरंच काही टिकवायचं असेल तर भूमध्य भागातला गुच्छाचा पांढरा नार्सिसस घ्या, त्याला फ्रिज लागत नाही, किंवा क्लुसियसच्याच नावाचा क्लुसियाना ट्युलिप, त्याला थंडी कमी पुरते. मुरूम अन् वाळू निम्म्याहून जास्त घालून मातीच्या कुंडीत लावा अन् पानं वाळली की कुंडी उचलून पावसाचा थेंब येणार नाही अशा पडवीत, ऑक्टोबरपर्यंत पाणी नाही. आपल्याला अल्पाइन हाऊस लागतं ते पावसाळ्यात.

अन् दुर्मिळच पाहिजे असेल तर एवढं लांब जायची गरज नाही. पुण्याला कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवणाऱ्या वूड्रोंच्या नावाचा क्रायनम वूड्रोवी हा आपल्याकडचाच रानकांदा, १८९८ ला क्यूच्या बेकरनी त्याची नोंद केली अन् मग तो शंभरेक वर्षं कुणाला दिसलाच नाही, महाबळेश्वरजवळ केट्स पॉइंटला परत सापडला. आपल्या माळावरचा कोळकांदा बघा, भर उन्हाळ्यात एक पान नसताना फुलाचा दांडा काढतो, पावसात पानं येतात अन् हिवाळ्यात सगळं गायब. खायला विषारी आहे, लेकरांपासून लांब ठेवा. दीपकाडी आहे, लेडेबुरिया आहे, कळलावी आहे. यांचं वेळापत्रक आपल्या पावसाशी जुळलेलं, म्हणून पावसाळ्यात उघड्यावर ठेवा अन् दिवाळीनंतर कोरडे. फक्त माळावरून उकरून आणू नका, बी गोळा करा, तीन-चार वर्षं लागतील.